तंबूच्या आधी ठरवायच्या गोष्टी

दिवाळीचा फराळ संपतो, रात्रीचा पंखा बंद होतो, आणि आपल्या इंदूरच्या घराघरांतल्या ग्रुपवर एक फोटो फिरू लागतो. निळं पाणी, काठावर पांढरे तंबू, मावळता सूर्य आणि खाली प्रश्न, ‘जायचं का?’ पहिल्या तासाभरात पंधरा अंगठे येतात. मग कुणाची परीक्षा निघते, कुणाची रजा अडते, आणि संक्रांतीपर्यंत तो फोटो शुभेच्छांच्या खाली गाडला जातो.

आमच्या घरचा फोटो हनुवंतियाचा होता. गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण तिथे दोन रात्री राहून आलो. आल्यापासून मंडळातल्या बऱ्याच मित्रांनी विचारलं, ‘तुझं ते नियोजनाचं शीट पाठव ना.’ मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे घरात काहीही ठरलं की आधी शीट उघडतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण नुसतं शीट पाठवून उपयोग नाही. त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आली ते कळलं, तर तुमच्या घरासाठी तुम्हाला ती बदलता येईल. शीटमध्ये तंबूची ओळ सतराव्या क्रमांकावर आहे. तिच्या आधीच्या सोळा ओळींबद्दलच मुख्यतः हा लेख आहे.

पाणी त्या दिवशी कुठे असेल?

हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, मूंदीच्या पुढे, इंदूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तिथलं पाणी म्हणजे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचा जलाशय. पुनासाजवळचं हे धरण ६५३ मीटर लांब आणि ९२ मीटर उंच आहे. १,००० मेगावॉटचं वीजघर त्याला जोडलेलं आहे. साठवण १२.२२ अब्ज घनमीटर, म्हणजे साठवणीच्या हिशेबाने देशातला सर्वांत मोठा जलाशय. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. २०१६ पासून तिथे जल महोत्सव भरू लागला आणि तंबूंचे फोटो आपल्यापर्यंत पोचू लागले.

पण धरणाचा काठ हा नैसर्गिक तळ्यासारखा एका जागी राहत नाही. पूर्ण भरल्यावर या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर असते, आणि वापरून वापरून ती २४३.२३ मीटरपर्यंत उतरवता येते. जवळजवळ १९ मीटरचा फरक. जमिनीचा उतार पन्नासात एक असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की काठ पन्नास मीटर मागे जातो. ऑक्टोबरच्या फोटोत तंबूच्या दोऱ्यांशी खेळणारं पाणी मे महिन्यात पार लांब गेलेलं असू शकतं, आणि मधे असतो काळ्या मातीचा चिखल. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत.

म्हणून पहिली ओळ: महिना. पावसाळा संपताना जलाशय भरतो आणि तिथून पुढे हळूहळू उतरत जातो. डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी वर असतं, डास कमी असतात, दिवसा उन्हात बसवतं. तंबूंची व्यवस्था हंगामी असते, तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून फोन करून ‘आत्ता काठ कुठे आहे?’ हे सरळ विचारायचं. आम्ही तर तिथल्या माणसाला त्याच दिवशीचा फोटो पाठवायला सांगितला. त्याने हसत हसत पाठवला.

दुसरी ओळ: धरणाच्या वर की खाली? हा प्रश्न फार जण विचारत नाहीत, आणि सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. हनुवंतिया धरणाच्या वरच्या बाजूला, म्हणजे जलाशयावर आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात पातळी बदलायची तर दिवस लागतात. खालच्या बाजूला मात्र वीजघर चालू झालं किंवा दारं उघडली की नदी थोड्या वेळात फुगते, आकाश निरभ्र असलं तरी. ७ एप्रिल २००५ रोजी, अमावास्येच्या स्नानासाठी देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे जमलेले कितीतरी भाविक अशाच अचानक वाढलेल्या नर्मदेत वाहून गेले. वरून इंदिरा सागरचं पाणी सोडलेलं होतं. तेव्हा मी शाळेत होतो. ‘पाऊस नाही आणि पूर कसा?’ हा माझा प्रश्न होता. आता मी तो शीटमध्ये घालतो. धरणाखालच्या वाळूत, नदीच्या पात्रातल्या खडकांवर किंवा बेटावर आपण होऊन तंबू टाकायचा नाही. जागा कितीही सुंदर असो.

वरच्या बाजूलासुद्धा तंबू पाण्याला चिकटून नको. काठावर काडीकचरा, वाळलेलं शेवाळ, बाटल्यांची एक रेघ दिसते. पाणी तिथपर्यंत आलेलं असतं. मुक्काम त्या रेघेच्या वर. आणि मोकळ्या रानात नाही, तर जिथे मुक्कामाची परवानगी आहे, दिवे आहेत, रखवालदार आहे, अशाच जागी. आसपासच्या जमिनीत वनखात्याची हद्द कुठे सुरू होते ते आपल्याला कळत नाही.

सगळ्यांत कमी चालणारा माणूस

आमचे अकरा जण असे: आई, बाबा, ताई, भाऊजी, त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी, मी, माझी बायको, आमची पाच वर्षांची लेक, आणि बडोद्याहून आलेले मामेभाऊ आणि वहिनी. मामेभाऊ म्हणजे आमच्यातला गिर्यारोहक. त्याच्या हिशेबाने एक गोणपाट आणि काडेपेटी एवढं सामान पुरतं.

शीटचा नियम मात्र असा ठेवला, की योजना मामेभावाला नव्हे, आईला विचारून ठरेल. तिला सहासष्ट वर्षं झाली आहेत आणि तिचा डावा गुडघा दुखतो. प्रश्न असा होता: रात्री दोन वाजता आईला बाथरूमला जायचं असेल, तर किती पावलं चालावं लागेल आणि वाटेत किती पायऱ्या आहेत? या एका प्रश्नाने अर्धी बुकिंगं आपोआप बाद झाली. शेवटी आई-बाबांसाठी खोली आणि बाकीच्यांसाठी लगतचे तंबू, असं ठरलं. मामेभाऊ म्हणाला, ‘मग कॅम्पिंग कसलं?’ आई म्हणाली, ‘तू झोप गोणपाटावर. मी सकाळी चहा करून देते.’ वाद मिटला.

औषधांची ओळ आईच्या नावावर नाही, माझ्या बायकोच्या नावावर आहे. शीटमधली प्रत्येक ओळ कुणातरी एकाच माणसाच्या नावावर असते. ‘सगळे बघतील’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही, हे ऑफिसात दर महिन्याला दिसतं. घरातही तेच. बाबांच्या रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घेतल्या, दोन वेगळ्या पिशव्यांत. सगळ्यांत जवळचं मोठं सरकारी रुग्णालय खंडव्याला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. एका गाडीचा चालक रात्री गाडी चालवायच्या स्थितीत असायलाच हवा, हेही त्यातूनच आलं. पहिल्या रात्री तो मान भाऊजींना मिळाला, दुसऱ्या रात्री मला. १०८ आणि ११२ हे क्रमांक तर पाठ असतातच, पण जाऊन उतरलो की पहिल्यांदा कुणाच्या फोनला नेटवर्क येतं ते बघायचं आणि तो फोन रात्री चार्जिंगला लावायचा.

वेळेचं गणित उलट्या बाजूने करायचं. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सव्वासहाला काळोख. तंबू बघणं, मुलांना जागा दाखवणं, बाथरूमची वाट उजेडात एकदा चालून घेणं, यासाठी दोन तास हवेत. म्हणजे साडेतीनला पोचायचं. त्यातून जेवणाचे, चहाचे आणि खंडवा रोडच्या ट्रकांचे तास वजा केले की निघायची वेळ आपोआप सकाळी सहाची निघाली. भेरूघाट उजेडात आणि रिकामा मिळाला.

वाटेवरची एक छावणी

सहाला निघाल्यामुळे आणखी एक गोष्ट जमली. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा ओलांडली की सनावद येतं. तिथून बेडियाच्या बाजूने आत वळलं की नर्मदाकाठी रावेरखेडी. थोरल्या बाजीरावांची समाधी तिथे आहे. २८ एप्रिल १७४० रोजी ते वारले ते वाड्यात नाही, लष्कराच्या छावणीत, नदीच्या काठी, निमाडच्या उन्हाळ्यात, तापाने. आपण इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदा इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याची सुरुवात ज्या स्वाऱ्यांतून झाली, त्या सगळ्या राहुट्यांतून आणि मुक्कामांतून झाल्या. भाच्याने विचारलं, ‘ते पण कॅम्पिंगच करायचे ना?’ भाऊजी म्हणाले, ‘हो, फक्त परतीचं बुकिंग नसायचं.’

मुलांना तासभर पाय मोकळे करायला मिळाले, दशम्या आणि लसणाची चटणी तिथेच उघडली. लांबच्या प्रवासात असा एक थांबा ठरवून ठेवावा, आणि तो ढाब्याऐवजी असा असला तर बरं.

शिट्टी कुणाच्या गळ्यात?

आता शीटमधला सगळ्यांत लांब भाग. मुलं आणि पाणी.

आमचा भाचा चांगला पोहतो. तलावात, म्हणजे इंदूरच्या पोहण्याच्या तलावात. तिथे तळ दिसतो, खोली भिंतीवर लिहिलेली असते, दहा हातांवर कठडा असतो. जलाशयात यातलं काहीच नसतं. इथल्या पाण्याखाली गावं आहेत. शेतं आहेत, झाडांचे बुंधे आहेत, घरांचे चौथरे आहेत आणि विहिरीही आहेत. गुडघाभर पाण्यात चाललेल्या माणसाचं पुढचं पाऊल कशावर पडेल ते वरून सांगता येत नाही. म्हणून निर्णय एका ओळीत: कुणीही पाण्यात उतरणार नाही. मोठेसुद्धा नाहीत, मामेभाऊसुद्धा नाही. मोठ्यांना एक आणि मुलांना दुसरा असा नियम मुलं पंधरा मिनिटांत मोडतात.

होडीत बसायचं, पण लाइफ जॅकेट घालून, आणि तेही तपासून. तपासायची रीत सोपी आहे. पट्टे बांधल्यावर जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढायचं. ते हनुवटी-कानांपर्यंत वर सरकलं, तर ते त्या मुलाच्या मापाचं नाही. पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटेल. आमच्या लेकीला पहिलं मिळालेलं जॅकेट असंच निघालं. दुसरं मागितलं, मिळालं. नसतं मिळालं तर ती आणि मी काठावर बसणार, हे घरूनच लिहून आणलं होतं, म्हणून तिथे रडारड झाली नसती असं नाही, पण वाद झाला नसता.

होडीची वेळ सकाळची. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांबून येतो तितक्या लाटा मोठ्या होतात, आणि इथे पाणी तर मैलोन्‌मैल पसरलेलं. दुपारी वारा वाढला की याच जलाशयाचा समुद्र होतो.

आणि काठावर शिट्टी. एक साधी शिट्टी, दोरीत ओवलेली. मुलं पाण्यापासून पन्नास पावलांच्या आत असतील तेव्हा ती एका मोठ्या माणसाच्या गळ्यात. त्याने फोन काढायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, भजी तळायची नाहीत. फक्त बघायचं. अर्ध्या तासाने शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, तीही ‘आता तू’ असं तोंडाने म्हणून. एकाने उठायचं आणि दुसऱ्याने गृहीत धरायचं, असं नाही.

एवढं कशाला, असं वहिनींनी विचारलं होतं. कारण बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याची सगळी ताकद श्वास घेण्यात जाते, हात वर हलत नाहीत, आवाज फुटत नाही. लहान मूल तर एखाद्या मिनिटात, काहीही आवाज न करता खाली जातं. पाच मोठी माणसं दहा पावलांवर गप्पा मारत बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा बघतोय.

सोबत वीस मीटरची दोरी आणि तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन. कुणी पाण्यात पडलंच तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. काठावरून काठी पुढे करायची किंवा कॅन फेकायचा आणि ओढायचं. एकाला वाचवायला गेलेले दुसरे दोघे बुडाले, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं किंवा पोट दाबून पाणी काढणं हे जुने प्रकार आहेत आणि त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची, मदत येईपर्यंत. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघांनी दिवाणखान्यात उशीवर याचा सराव केला. लेकीला तो खेळ फार आवडला.

दोन दिवसांत ना कॅन फेकावा लागला, ना शिट्टी वाजवावी लागली. दुसऱ्या दिवशी भाचीने स्वतःहून विचारलं, ‘मामा, आत्ता शिट्टी कुणाकडे आहे?’ मला तेवढं पुरलं.

थंडी खालून येते

निमाड म्हणजे उन्हाळा, असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तिथेही पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि पाण्याकाठी दव पडतं. लोक पांघरुणं वाढवतात आणि तरी कुडकुडतात. कारण ऊब जमिनीत जाते. अंगाखालची गोधडी वजनाने चपटी होते, तिच्यातली हवा निघून जाते आणि हवा नाही तर ऊब नाही. म्हणून अंगाखाली फोमची मॅट किंवा चांगली जाड सतरंजी आधी, दुसरी रजई नंतर. तंबूची हवा खेळायची फट बंद करायची नाही. केली तर आपल्याच श्वासातली वाफ आतून थेंब होऊन सकाळी तोंडावर पडते.

आणि सिगडी. तंबूत किंवा बंद खोलीत निखाऱ्यांची सिगडी रात्री कधीही ठेवायची नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकला येत नाही. झोपलेला माणूस उठत नाही, एवढंच. दर हिवाळ्यात उत्तर भारतातून अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा पूर्ण कुटुंब असतं. शेकायचं ते बाहेर, जिथे परवानगी आहे तिथे, आणि झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत.

शिधा, पाणी, कचरा

हा भाग आपल्या घरांना शिकवायची गरज नाही. पहिल्या रात्रीचं जेवण घरून: तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दही. पोचल्यावर चूल पेटवायची धडपड नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, शेव इंदूरचीच, दुपारी खिचडी, रात्री पिठलं-भाकरी-ठेचा. भाकरी भाऊजींनी थापल्या. ताईने फोटो काढून त्यांच्या आईला पाठवला. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी धरलं. अकरा माणसं, दोन दिवस, अठ्ठ्याऐंशी लिटर. म्हणजे वीस लिटरचे पाच जार.

कचऱ्याच्या तीन पिशव्या नेल्या आणि तिन्ही भरून परत आणल्या. २०१७ पासून सलग स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराची माणसं आपण. गाडी बडवाहच्या पुढे गेली की आपली सवय संपते, असं व्हायला नको.

पाण्याखाली काय आहे?

बाबा यायला तयार नव्हते. त्यांचं कारण गुडघा नव्हतं, थंडी नव्हती. बाबा बँकेत होते आणि १९८१ मध्ये त्यांची पहिली नेमणूक हरसूदला झाली. आई लग्न होऊन आली ती तिथेच. ताईच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून आजही हरसूद लिहिलेलं आहे. मी जन्मलो तोवर बाबांची इंदूरला बदली झाली होती.

ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा सागरचा पायाभरणी समारंभ झाला तेव्हा ते हरसूदलाच होते. पुढे २८ सप्टेंबर १९८९ रोजी, मोठ्या धरणांच्या विरोधात हरसूदमध्ये देशभरातून माणसं जमली. बाबा आमटेही आले होते. ती बातमी आमच्या बाबांनी इंदूरच्या घरात वाचली. २००४ च्या जूनअखेर गाव रिकामं करायची मुदत संपली. लोक आपापली घरं आपल्याच हातांनी पाडून विटा, दारं, चौकटी गाड्यांवर लादून नेत होते. जलाशयात सुमारे अडीचशे गावं आली, हरसूद त्यातलं मोठं. खंडवा-इटारसी रेल्वेमार्गसुद्धा तिथून हलवावा लागला. बाबांनी ते सगळं टीव्हीवर पाहिलं आणि त्या बाजूला पुन्हा कधी गेले नाहीत.

‘हरसूद दाखवणार असशील तर येतो,’ ते मला म्हणाले. ‘पाणी काय बघायचं? त्याच्याकडे बघून किती सुंदर म्हणायला मला जमणार नाही.’

त्यांची समजूत घालण्याची ओळ शीटमध्ये नव्हती, आणि मी ती घातलीही नाही. तेव्हा भाच्याने फोनवर नकाशा उघडून विचारलं, ‘आजोबा, आईचं गाव यात नक्की कुठे होतं?’ बाबांनी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली आणि पेन्सिलीने गाव काढून दिलं. स्टेशन, स्टेशनवरून येणारा रस्ता, बँक, मंडी, शाळा, आणि भाड्याची खोली, जिच्या मागे चिंच होती. आई मधेच म्हणाली, ‘नळ डावीकडे होता, उजवीकडे नाही.’ बाबांनी खोडून डावीकडे काढला. मग म्हणाले, ‘येतो. पण तिसऱ्या दिवशी छनेऱ्याला जायचं.’

छनेरा म्हणजे नवं हरसूद. विस्थापितांना तिथे वसवलं. परतीचा रस्ता त्यासाठी लांबला आणि इंदूरला पोचायची वेळ रात्री नऊ झाली. शीटमध्ये ती ओळ बाबांच्या नावावर टाकली.

हनुवंतियाला बाबा होडीत बसले नाहीत. सकाळी काठावर खुर्ची टाकून बसायचे. शिट्टीची पाळी त्यांनी दोनदा मागून घेतली. छनेऱ्याला पहिला तासभर त्यांच्या ओळखीचं कुणी भेटलं नाही. मग एका किराणा दुकानात पन्नाशीच्या माणसाने बँकेचं नाव ऐकून आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. बाबांना त्यांचं खातं आठवलं. दुकानाच्या मागचं दार जुन्या हरसूदच्या घराचं होतं, चौकटीसकट आणलेलं. बाबांनी विचारलं, ‘कडी तीच?’ तो म्हणाला, ‘कडी वही है, बाबूजी. दीवार नई है.’ ताई ते दार बराच वेळ बघत होती.

गाडीत बसल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा जुन्या गावाचे अवशेष वर येतात म्हणे.

मला वाटतं, मुक्कामाला आपण ज्या काठावर जातो तिथे हा प्रश्न विचारायला हवा. मजा कमी करण्यासाठी नव्हे. आपल्या आसपासचे बहुतेक मोठे तलाव कुणीतरी बांधलेले आहेत, आणि बांधलेल्या तलावाखाली बहुतेक वेळा कुणाचं तरी घर असतं. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी दर उन्हाळ्यात वर येतं आणि तिथली माणसं आपल्या देवळाजवळ, चॅपेलजवळ पुन्हा जमतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचं आडनाव त्याच गावाचं. ते काठ सुंदर आहेत, आणि त्या पाण्याच्या जोरावर आपली वीज आणि शेती चालते, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही माहीत असलेली मुलं पाण्याशी जपून वागतात, असा निदान आमच्या घरचा अनुभव आहे.

यंदा चंबळवरच्या गांधी सागरचा बेत आहे. १९६० मध्ये पूर्ण झालेलं धरण, मंदसौर जिल्ह्यात. जवळ भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांची छत्री. शीटची नवी प्रत भाच्याने केली. महिना, धरणाच्या वर की खाली, बाथरूमची पावलं, शिट्टी, सगळ्या ओळी तशाच ठेवल्या. फक्त अगदी वर एक नवी ओळ घातली: ‘पाण्याखाली काय होतं?’ आणि जबाबदारीच्या रकान्यात लिहिलं, ‘आजोबा’.

बाबा सध्या रामपुरा-भानपुऱ्याकडच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावताहेत.